हर्णे ते बाणकोट

यंदाच्या वार्षिकासाठी काही तरी लिहून द्यावे अशी संपादक-मंडळाची सूचना झाली, तेव्हा भूमितीच्या अभ्यासाविषयी चार शब्द लिहावेत असा माझा विचार होता. परंतु त्याच सुमारास आठवी 'ब'च्या विद्यार्थ्यांनी एक प्रश्न विचारला. "आमच्या सहामाही परीक्षेच्या गणिताच्या उत्तरपत्रिकांना माशांचा वास का येत होता?" पालकसभेतही एका गृहस्थांनी हेच मोठ्या सभ्यतेने विचारले होते, आणि "प्रवासात भिजल्या" एवढेच सांगून मी वेळ मारून नेली होती. ते उत्तर खरे होते, परंतु अपुरे होते. अपुऱ्या उत्तरास मी कोणासही पूर्ण गुण देत नसल्यामुळे आज सविस्तर लिहिणे प्राप्त आहे.

दिवाळीच्या सुटीत कोकणच्या किनाऱ्याने पायी जावे हा बेत मूळचा आमच्या ड्रिलमास्तरांचा. त्यास ड्रॉइंगमास्तरांनी रंगपेटी भरून अनुमोदन दिले. संस्कृतचे शास्त्रीबुवा "पायांस झेपेल तेथवर" या अटीवर तयार झाले, आणि मी चौथा. प्रत्येकाने आपले ओझे आपल्या पाठीवर वाहावे, हमाल अगर वाहन करू नये, असा नियम ठरला. एक पांघरूण, दोन कपडे, पाण्याची बाटली, थोडे चुरमुरे व गूळ, याहून अधिक काही घेऊ नये असेही ठरले होते. तो नियम मी मोडला. आठवी 'ब'च्या अठ्ठेचाळीस उत्तरपत्रिका तपासावयाच्या राहिल्या होत्या. त्या व तांबड्या शाईची दौत मी कोणास न सांगता पिशवीच्या तळाशी घातली.

एस.टी.ने आम्ही दापोलीस उतरलो. पालगडचे साने गुरुजी ज्या मिशन हायस्कुलात शिकले ते याच गावचे. तेथे घटकाभर थांबल्यावाचून पुढे पाऊल निघेना. नंतर घाट उतरून कर्दे गाठले आणि तेथून मुरुडपर्यंत वाळूतून चाललो. ओल्या वाळूवरून चालणे सुखाचे, कोरड्या वाळूतून चालणे शिक्षेसारखे, हा पहिला धडा. दुसरा धडा असा की पिशवीचे ओझे पहिल्या कोसास असते तेवढेच दुसऱ्या कोसास राहत नाही, ते वाढते. पदार्थविज्ञानास हे मान्य नसले तरी माझ्या खांद्यांस मान्य झाले.

मुरुड हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या बालपणाचे गाव. गावाच्या दुतर्फा नारळीपोफळीच्या वाड्या आहेत. परंतु त्यांत मधूनमधून आकाश दिसत होते. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ या किनाऱ्यावर आले, त्या दिवसाच्या त्या खुणा. ज्यांच्या ओटीवर आम्ही रात्री पथाऱ्या टाकल्या ते म्हातारे बागायतदार म्हणाले, "आजोबांनी लावलेली माडं होती, एका दुपारी आडवी झाली. पुन्हा लावली आहेत. मी काही त्यांचा नारळ खायचा नाही." हे बोलताना ते पोफळीच्या रोपांस पाणी घालीत होते.

दुसरा दिवस रविवार होता. सकाळी पुळणीवर बसून मी आपली उपासना केली. शास्त्रीबुवा थोड्या अंतरावर आपली संध्या आटोपून शांत बसून राहिले. प्रभूने आपले पहिले शिष्य गालील सरोवराच्या काठी जाळी नीट करणाऱ्या कोळ्यांतून निवडले, तो भाग मी वाचला. समोर दोन होड्यांची जाळी खरोखरच वाळत होती. मला फार समाधान वाटले. आपण वाचले ते आपणास समजलेही, असे माणसास किती लवकर वाटू लागते!

सायंकाळी हर्णे बंदरावर पोचलो. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, जो १७५५ साली कमोडोर जेम्सने आंग्र्यांकडून जिंकला. ड्रॉइंगमास्तर त्याचे चित्र काढण्यास बसले, परंतु त्यांचे चित्त किल्ल्यावर ठरेना. कारण किनाऱ्यावर माशांचा लिलाव चालला होता. पापलेट, सुरमई, कोळंबी, बांगडे यांचे ढीग वाळूवर मांडलेले, भोवती माणसांची कडी, आणि आकडे असे वेगाने वर चढत होते की गणिताचा शिक्षक असूनही मला ते धरता येईनात. इतक्यात त्या गर्दीतून "सर!" अशी हाक आली.

एक विशी-बाविशीचा उंच, काळासावळा तरुण टोपली खाली ठेवून आमच्याकडे आला आणि वाकून पायांस हात लावू लागला. मी त्यास ओळखले नाही. त्याने नाव सांगितल्यावर ओळखले. पाच वर्षांपूर्वी तो आमच्या वसतिगृहात राहत होता. नववीपर्यंत शिकला आणि एका सुटीत घरी गेला तो परत आला नाही. आता तो चुलत्याच्या नौकेवर खलाशी होता. नौकेचे इंजिन दुरुस्तीस गेल्यामुळे चार दिवस मोकळा होता. आम्ही बाणकोटपर्यंत पायी जाणार हे ऐकून तो म्हणाला, "मी येतो की तुमच्याबरोबर. एकट्याने नका जाऊ, सर." आम्ही चौघे असता 'एकट्याने' म्हणजे काय, हे मला तेव्हा उमगले नाही.

रात्री त्याच्या घरी उतरलो. त्याच्या आईने तांदळाची भाकरी व बांगड्याचे कालवण वाढले. शास्त्रीबुवांसाठी शेजारच्या घरून दूधभात आणविला. जेवणानंतर मी ओटीवर दिव्याखाली उत्तरपत्रिका काढून बसलो. माझे गुपित येथे उघड झाले आणि ड्रिलमास्तरांनी मला दंड म्हणून उद्याचा गूळ बंद केला. तो तरुण जवळ येऊन उभा राहिला. "अजून तांबडीच शाई का, सर?" एवढेच तो म्हणाला आणि हसला.

निजण्यापूर्वी उद्याचा बेत ठरवावयाचा होता. ड्रिलमास्तरांनी भरती-ओहोटीच्या वेळा पाहण्यास मोबाइल काढला, परंतु त्यावर काही उमटेना. तेव्हा तो तरुण सहज म्हणाला, "उद्या त्रिपुरी पुनव. पंधरा पाऊण सव्वाअकरा. सव्वाअकराला पूर्ण भरती, पहाटे पाचला सुकती."

मी चकित झालो. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी हे पाढे माझ्या आजोबांच्या पिढीने शाळेत घोकले. माझ्या पिढीने ते ऐकले, आणि आता तर शाळेत त्यांचे नावही निघत नाही. "तुला पाऊणकी कोणी शिकवली?" मी विचारले. "आज्याने. नौकेवर." मग त्याने रीत सांगितली. तिथीची पाऊणपट करावी, की भरतीची वेळ निघते. अष्टमीस आठ पाऊण सहा, म्हणून सहा वाजता भरती. पौर्णिमा झाली की पुन्हा प्रतिपदेपासून एकाने आरंभ करावा.

मी मागाहून ही रीत ताडून पाहिली. चंद्र तीस तिथींत सूर्याच्या मागे पुरा एक दिवस, म्हणजे चोवीस तास पडतो; म्हणजे दर तिथीस अठ्ठेचाळीस मिनिटे. पाऊणकीप्रमाणे पंचेचाळीस येतात. ज्यांच्याजवळ घड्याळ नव्हते त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तोंडी जपलेल्या हिशेबात दर तिथीस तीन मिनिटांची चूक! आमच्या वर्गात एवढी चूक मी पदरात घेतली असती. परंतु त्या रात्री मी असे काही बोललो नाही. मी त्यास चंद्राचे आकर्षण, दोन भरत्यांमधील बारा तास पंचवीस मिनिटे वगैरे शास्त्रीय उपपत्ती समजावून दिली. तो हात बांधून ऐकत राहिला.

पहाटे चार वाजता निघालो. पश्चिमेस पूर्णचंद्र समुद्रावर उतरत होता, आणि पाणी इतके दूर गेले होते की होड्या वाळूवर कलंडून पडल्या होत्या. बाणकोट व हर्णे या भागात १८२३ पासून स्कॉटिश मिशनऱ्यांनी मराठी शाळा काढल्या. पुढे मुंबईस शिक्षणाचे मोठे कार्य करणारे डॉ. जॉन विल्सन १८२९ साली आले ते प्रथम मराठी शिकण्यास याच किनाऱ्यावर येऊन राहिले. समुद्रापलीकडून आलेले ते लोक येथील माणसांकडून भाषा शिकत याच वाळूवरून हिंडले असतील, हे मी सोबत्यांस सांगत चाललो होतो. बोलणारा मी एकटाच होतो. बाकीचे चंद्र पाहत होते.

पूल ओलांडून आंजर्ल्याच्या पुळणीवर आलो तेव्हा चंद्र मावळून सूर्य उगवला होता. पुळणीच्या उत्तर टोकास डोंगराचा पाय समुद्रात उतरतो. तेथून पुढे जाण्यास दोन वाटा : एक वरून, डोंगरावरच्या सडकेने, दुसरी खालून, कड्याच्या पायथ्याच्या काळ्या खडकांवरून. घड्याळात सात वाजले होते.

"सर, वरून जाऊ," तो तरुण म्हणाला.

मी समुद्राकडे पाहिले. पाचला ओहोटी संपली, दोन तास झाले, आणि खडकांचा तीन हिस्से पट्टा अद्याप कोरडा होता. मी त्रैराशिक मांडले. दोन तासांत एक हिस्सा, तर तीन हिश्श्यांस किती? सहा तास. आणि खडक ओलांडण्यास लागणार फार तर सव्वा तास. "अरे, भरपूर वेळ आहे," मी म्हणालो, "हिशेब केला आहे." ड्रॉइंगमास्तरांस खडकांचे रंग पाहावयाचे होते, ड्रिलमास्तरांस सडकेचा कंटाळा होता, आणि शास्त्रीबुवा नेहमीप्रमाणे बहुमताबरोबर होते. तो तरुण पुन्हा काही बोलला नाही. वडील माणसांस उलट उत्तर करू नये हे त्याला शाळेत आम्हीच शिकविले होते. त्याने केवळ आपली विजार गुडघ्यांवर दुमडली आणि तो सर्वांच्या मागे चालू लागला.

समुद्र त्रैराशिकाने चालत नाही. दर्यावर्दी लोकांत एक नियम आहे, तो मी परत आल्यावर वाचला. भरतीच्या सहा तासांत सारे पाणी बारा भाग धरले, तर पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. म्हणजे पहिल्या दोन तासांत जेवढे पाणी आले, तेवढेच पुढच्या एका तासात येते. शिवाय पौर्णिमेचे उधाण. भांगाच्या भरतीहून हे पाणी पुष्कळच वर चढते. आम्ही नेमक्या त्या धावत्या दोन तासांच्या तोंडी खडकांवर पाऊल टाकले होते.

पहिला अर्धा तास मजेत गेला. खडकांवर कालवांच्या शिंपा इतक्या धारदार की हात टेकला तर रक्त येई. ड्रॉइंगमास्तर दोनदा थांबले. मग सुमारे मध्यावर एक घळ लागली. कड्यात आत शिरलेली, आठ-दहा हात रुंद. तीत पाणी कमरेइतके होते आणि लाट आली की छातीपर्यंत येत होते. मागे वळून पाहिले, तर ज्या खडकांवरून आलो ते पाण्याखाली जात होते.

कोणी काही बोलले नाही. तो तरुण पुढे झाला, घळीत उतरला, पायांनी तळ चाचपून एका जागी घट्ट उभा राहिला आणि म्हणाला, "लाट परतली की चालायचं, आली की माझा खांदा धरून थांबायचं. एकेक या." त्याच्या आवाजात आता 'सर' नव्हते, आणि ते नसणे मला त्या वेळी फार बरे वाटले. ड्रिलमास्तर गेले, ड्रॉइंगमास्तर गेले. शास्त्रीबुवांस त्याने जवळजवळ उचलूनच पलीकडे ठेवले. मग माझी पाळी.

"पिशवी आधी द्या."

मी दिली नाही. उत्तरपत्रिका होत्या, त्या दुसऱ्याच्या हाती कशा द्याव्यात? मध्यावर येतो तोच माझा पाय शेवाळावरून सरकला. पिशवीत पाणी भरले आणि ती मला मागे ओढू लागली. तोंडात खारे पाणी गेले. मी प्रार्थना केली असे मला लिहिता आले असते, परंतु मुलांपुढे खोटे लिहिणे बरे नव्हे : मला काहीच सुचले नाही. कोणी तरी माझ्या खांद्यांवरून पट्टे ओढून काढले, मानेस धरले आणि मला पलीकडच्या खडकावर लोटले. मी डोळे पुसून पाहतो तो पिशवी तरंगत बाहेर चालली होती आणि तो तरुण तिच्या मागे पोहत होता. "राहू दे! परत ये!" असे मी ओरडलो. पाच मिनिटे गेली असतील, मला ती एका तासिकेएवढी वाटली. तो पिशवी दातांत धरल्यासारखी हनुवटीखाली दाबून परत आला आणि धापा टाकीत म्हणाला, "पेपर होते ना, सर. पोरांचे."

तेथून कड्याच्या बाजूने वर चढून आम्ही पुढच्या लहानशा पुळणीवर उतरलो. तेथे काही बायका मासळी वाळत घालीत होत्या. त्यांनी आमची दशा पाहिली, काय झाले ते विचारले, आणि त्यांतील एक वृद्ध बाई माझ्याकडे पाहून म्हणाली, "एवढा मोठा मास्तर, पुनवेच्या दिवशी खडपात कशाला गेलास रे बाबा?" यावर उत्तर नव्हते. मग त्यांनीच उत्तरपत्रिका पसरण्यास मदत केली. माशांच्या दोन रांगा, मध्ये उत्तरपत्रिकांची एक, प्रत्येकीवर एक शिंपला. मी मोजल्या : अठ्ठेचाळीस. एकही कमी नव्हती. मुलांनी डॉटपेनने लिहिलेले बहुतेक सारे शाबूत होते. माझ्या दौतीतील तांबड्या शाईचे शेरे तेवढे धुऊन गेले होते.

वास कसा लागला याचा खुलासा येथे पुरा झाला. ज्यांचे गुण पुन्हा तपासून दोन-चार वाढले, त्यांनी त्याचे कारण विचारू नये.

तो तरुण त्या रांगांमधून हिंडत होता. एका कागदावर माझा शेरा अर्धवट उरला होता. त्याने वाकून तो वाचला. काय होता ते मी येथे लिहीत नाही. परंतु त्यास तो वाचताना पाहिले आणि मला पाच वर्षांपूर्वीचा नववीचा वर्ग आठवला. बीजगणिताच्या चाचणीत त्याला शंभरापैकी नऊ गुण मिळाले होते. सर्व वर्गादेखत कागद उंच धरून मी म्हणालो होतो, "तुला गणित यावयाचे नाही. तू आपला समुद्राची वाट धर." वर्ग हसला होता. मीही हसलो होतो.

मी त्याच्याजवळ गेलो आणि विचारले, "तू शाळा का सोडलीस?"

"बाबा आजारी होते, सर. नौकेवर माणूस नव्हता."

"एवढेच कारण?"

तो बराच वेळ समुद्राकडे पाहत राहिला. "यावं तर लागलंच असतं," तो म्हणाला. "पण तुम्ही ते बोललात, मग निघणं सोपं गेलं."

मी त्याची क्षमा मागितली. शब्द नीट जुळले नाहीत. त्याला फार संकोच झाला. तो "असू दे, सर, असू दे" म्हणत कागद उलटे करू लागला. दुसरी बाजूही वाळवावयाची होती.

पुढील प्रवासाविषयी फार लिहिण्यासारखे नाही, किंवा असले तरी माझे लक्ष तेथे नव्हते. त्या रात्री केळशीस एका देवळासमोर दीपमाळ पेटलेली पाहिली. शास्त्रीबुवा आत गेले, आम्ही बाहेर उभे राहिलो. केळशीस समुद्रकाठी वाळूची एक प्रचंड टेकडी आहे. ती फार पूर्वी त्सुनामीच्या लाटांनी बनली असावी असे काही संशोधकांचे मत आहे. भारजा नदीची खाडी ओलांडून चौथ्या दिवशी वेळासला गेलो. तेथे २००२ पासून समुद्री कासवांची घरटी राखली जातात. पूर्वी जी अंडी खणून नेली जात, तीच आता गावकरी पहारा करून जपतात आणि फाल्गुनाच्या सुमारास पिले पाण्यात सोडतात. आम्ही गेलो तेव्हा घरट्यांचा हंगाम नुकताच सुरू होणार होता, त्यामुळे पाहावयास वाळूच होती. ती मात्र तेथल्या एका मुलाने आम्हांस फार अभिमानाने दाखविली.

बाणकोटास सावित्रीच्या मुखाशी आमची वाट संपली. किल्ल्यावर चढून, ज्यास इंग्रजांनी एकेकाळी 'फोर्ट व्हिक्टोरिया' म्हटले त्या बुरुजावर घटकाभर बसलो. खाली खाडी भरत होती. मी मनात तिथी मोजली. वद्य प्रतिपदा. एक पाऊण पाऊण. म्हणजे पाऊण वाजता भरती. घड्याळ पाहिले तर साडेबारा झाले होते. तो तरुण माझ्याकडे पाहत होता. माझे ओठ हलताना त्याने पाहिले असावेत.

संध्याकाळच्या एस.टी.ने तो हर्णेस परतला. गाडी सुटताना त्याने खिडकीतून विचारले, "सर, दहावी बाहेरून देता येते का?" मी म्हणालो, येते. आणि फॉर्म क्रमांक सतरा कोठे व केव्हा भरावयाचा ते गाडीबरोबर धावत धावत सांगितले. त्याला कितपत ऐकू गेले कोण जाणे. मी घरी येताच पत्र लिहिले आहे. त्याचे उत्तर आले. त्यात फॉर्मचा उल्लेख नाही, इंजिन दुरुस्त झाल्याचे कळविले आहे, आणि आठवी 'ब'च्या मुलांचे निकाल कसे लागले असे विचारले आहे. मी पुन्हा लिहिले आहे.

दुसरे सत्र सुरू झाले त्या पहिल्या तासिकेस मी फळ्यावर पाऊणकी लिहिली. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, अशी थेट पंधरापर्यंत. वर्ग निमूटपणे उतरवून घेत होता. मागच्या बाकावरून एकाने हात वर केला.

"सर, हे परीक्षेला आहे का?"

"नाही," मी म्हणालो.

त्याने लेखणी खाली ठेवली, क्षणभर फळ्याकडे पाहिले, आणि मग पुन्हा उचलली.